हुडिनी : एका जादूगाराचा धंदा



युनियनच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो महागाई, बोनस किंवा कामगार कायदा यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी आपली समजूत असते. त्यामुळे आजचा विषय वाचून, जादूगाराचा आणि युनियनचा संबंध काय, असे काहींना वाटले असेल. संबंध आहे. जादूचे खेळ करून पोट भरणारा माणूस हा कसबावर आणि अंगमेहनतीवर जगणारा माणूस असतो. त्याला मजुरी मिळते, त्याला मालक असतो, त्याच्या हत्यारांची झीज होते आणि शरीराचीही होते. हॅरी हुडिनी या जगप्रसिद्ध जादूगाराचे आयुष्य मी आज आपल्यापुढे याच दृष्टीने मांडणार आहे. ते मांडताना एक प्रश्न आपण सगळ्यांनी मनात ठेवावा, अशी विनंती आहे. जादूगारही लोकांना फसवतो आणि भोंदूही फसवतो. दोघेही त्याचे पैसे घेतात. मग एकाला टाळी आणि दुसऱ्याला तुरुंग, हे कशावरून ठरवायचे?

हुडिनीचे खरे नाव एरिक वाइस. जन्म २४ मार्च १८७४ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट शहरी झाला. बाप ज्यूंचा धर्मगुरू, म्हणजे रब्बी. १८७८ साली हे कुटुंब अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातील ॲपलटन नावाच्या लहान गावी आले. तिथे बापाला धर्मगुरूची जागा मिळाली, पण चार वर्षांत ती गेली. पुढे मिलवॉकी आणि मग न्यूयॉर्क. बापाला नवी भाषा नीट आली नाही, आणि जुन्या विद्येला नव्या मुलखात गिऱ्हाईक नव्हते. घरात खाणारी तोंडे पुष्कळ. तेव्हा पोराने वर्तमानपत्रे विकली, बूट पुसले, निरोप पोचवण्याची कामे केली आणि शेवटी न्यूयॉर्कच्या एका टायच्या कारखान्यात अस्तर कापणाऱ्याच्या हाताखाली तो लागला. शाळा म्हणावी अशी त्याची झालीच नाही.

कारखान्यातल्या जेकब हायमन नावाच्या सोबत्याला जादूचा नाद होता. दोघे मिळून हातचलाखी शिकू लागले. त्याच सुमारास रोबेर-उदँ या फ्रेंच जादूगाराचे आत्मचरित्र एरिकच्या हाती पडले. त्या नावाला शेवटी 'इ' जोडली की फ्रेंचमध्ये 'त्याच्यासारखा' असा अर्थ होतो, असे सोबत्याने सांगितले. फ्रेंच भाषेत असे काही नाही. पण त्या चुकीच्या व्याकरणातून 'हुडिनी' हे नाव जन्माला आले आणि ते जगभर गाजले. १८९१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने कारखान्याची नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी बाप वारला आणि आईचा भार मुलांवर आला.

नोकरी सोडून त्याने काय मिळवले? त्या काळी अमेरिकेत 'दहा सेंटांची म्युझियमे' असत. दहा सेंट द्यायचे आणि आत जाऊन राक्षसी देहाचा माणूस, दाढीवाली बाई, आगीचे घोट घेणारा, असे सगळे एका छपराखाली पाहायचे. तिथे हुडिनी दिवसाला वीस-वीसदा आपला खेळ करी. कारखान्यात निदान भोंगा तरी होता. इथे गिऱ्हाईक येईल तोवर पाळी चालूच. १८९४ साली त्याने बेस नावाच्या मुलीशी लग्न केले आणि तीही खेळात उतरली. हुडिनीला हात बांधून पोत्यात घालायचे, पोते पेटीत, पेटीला कुलूप. पडदा ओढायचा, तीन टाळ्या वाजायच्या आणि पडदा उघडताच हुडिनी बाहेर, बेस पेटीत. नवराबायको दोघे मिळून सर्कशीत आठवड्याला २५ डॉलर मिळवीत. त्याचा आणखी एक खेळ होता, त्याला तो 'हिंदी सुयांचा खेळ' म्हणे. सुया तोंडात टाकायच्या, दोरा गिळायचा आणि दोऱ्यात ओवलेल्या सुयांची माळ तोंडातून ओढून काढायची. आपल्याकडच्या रस्त्यावरील खेळकऱ्यांचे नाव त्या काळी तिकडे असे विकले जात होते.

इतके करूनही पोट भरेना. १८९८ साली त्याने एक किमतीचे पत्रक छापले आणि आपल्या जादूची गुपिते विकायला काढली. कारागिराने आपली हत्यारे विकायला काढावी, तशी ती गोष्ट होती. गंमत अशी की, गिऱ्हाईक फारसे आले नाही! पुढे ज्या कसबाला सारे जग तिकिटे काढून पाहणार होते, ते तेव्हा कवडीमोलाने घ्यायला कोणी तयार नव्हते.

१८९९ साली मार्टिन बेक नावाच्या नाट्यगृहांच्या एका मोठ्या व्यवस्थापकाने सेंट पॉल शहरात त्याचा खेळ पाहिला. त्याचा सल्ला असा : कबुतरे, पत्ते, रुमाल सोडून दे, बेड्या आणि पेटी एवढेच ठेव. ओमाहा शहरात आठवड्याला ६० डॉलरवर त्याने सुरुवात करून दिली. पुढच्या वर्षी हुडिनी इंग्लंडला गेला, लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात झळकला आणि १९०५ पर्यंत त्याचा मुक्काम मुख्यतः युरोपातच राहिला.

बेड्यांचे रहस्य काय होते? त्याने स्वतःच १९१० साली त्यावर पुस्तक लिहिले, म्हणून ते सांगायला हरकत नाही. त्या काळच्या पुष्कळ बेड्या अशा असत की, एका जातीच्या सगळ्यांना एकच किल्ली चाले. काही बेड्या योग्य जागी ठोकल्या की किल्लीवाचून उघडत; त्यासाठी तो मांडीला शिशाचा तुकडा बांधत असे. पण कोणती बेडी कोणत्या जातीची, ठोका कुठे मारायचा, किल्ली कुठे लपवायची, हे कळायला शेकडो कुलपे उघडून, घासून, पुन्हा जोडून पाहावी लागतात. बोटे अडकली असता पायांच्या बोटांनी गाठी सोडवण्याची सवय त्याने करून घेतली होती. न्यूयॉर्कच्या आपल्या घरात त्याने मोठे न्हाणीपात्र बसवले होते. त्यात बुडी मारून तो श्वास कोंडण्याचा सराव करी, आणि थंडी सोसण्यासाठी पाण्यात बर्फ टाकी. लोक म्हणत, त्याला अतींद्रिय शक्ती आहे. तो म्हणे, सराव आहे.

जर्मनीत कोलोन येथील एका पोलीस अधिकाऱ्याने त्याच्यावर लबाडीचा जाहीर आरोप केला. हुडिनीने अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि कोर्टात बेड्या सोडवून दाखवून ती जिंकली. ज्या माणसाचा धंदाच भुलवण्याचा, तो 'मी लबाड नाही' असे शाबीत करायला न्यायाधीशापुढे उभा राहतो, यातले मर्म आपण ध्यानात घ्यावे. आणि १९०६ साली वॉशिंग्टनच्या तुरुंगात तर कमालच झाली. राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांचा खुनी जिथे ठेवला होता, त्याच कोठडीत त्याला कोंडले. तो बाहेर आला तो आला, वर इतर कैद्यांना एकमेकांच्या कोठड्यांत बदलून आला.

आता मी ज्या भागासाठी हा विषय घेतला, त्याकडे वळतो. हुडिनी गावात आला की गावातल्या कारागिरांचे आव्हान स्वीकारी. सुतार आणि खोकी बांधणारे कामगार म्हणत, आम्ही आमच्या हातांनी लाकडी खोका करू, तुला आत घालून खिळे ठोकू, नीघ बाहेर! शीड शिवणारे, कातड्याचे काम करणारे, असेच पुढे येत. आव्हानाचा मजकूर त्यांच्या सहीनिशी छापून भिंतींवर लागे. ठरल्या रात्री हे लोक आपापला हातोडा घेऊन रंगमंचावर चढत आणि थिएटर त्यांच्या सोबत्यांनी गच्च भरे. यात जाहिरात होती, हिशेब होता, हे मी नाकारत नाही. पण रोज ज्याच्या कामाकडे कोणी वळून पाहत नाही, त्या सुताराच्या खिळ्याकडे त्या रात्री हजारो डोळे लागत. त्याचे काम किती पक्के आहे, यावर सगळा खेळ उभा असे.

१७ मार्च १९०४ रोजी लंडनच्या हिपोड्रोममध्ये 'डेली मिरर' या वर्तमानपत्राच्या वतीने अशीच एक बेडी त्याच्या हातात घातली. बर्मिंगहॅमच्या नथानिएल हार्ट या कुलपे करणाऱ्या कारागिराने ती बनवली होती आणि तिच्यासाठी पाच वर्षे घालवली, असे सांगितले जात होते. सुमारे चार हजार प्रेक्षक बसले होते. हुडिनी आडोशाआड गेला, परत आला, पुन्हा गेला. कोट काढता यावा म्हणून बेडी क्षणभर उघडा, असे म्हणाला. ते नाकारले गेले. तेव्हा त्याने खिशातला चाकू दातांत धरून कोटाच्या चिंध्या केल्या. एक तास दहा मिनिटांनी तो मोकळा झाला आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. हा सगळा प्रकार आधी ठरवून केलेला असावा, असा अनेक अभ्यासकांचा संशय आहे. असेल. पण तास-सव्वा तास चार हजार माणसे एका कुलपाकडे बघत बसली, हे खरे आहे.

१९११ साली लीड्स येथे टेटली या बिअरच्या कारखान्याने त्याला बिअरने भरलेल्या पिंपात कोंडण्याचे आव्हान दिले. तो मद्य घेत नसे. आतल्या वाफेने त्याची शुद्ध हरपू लागली आणि सहाय्यकाने त्याला बाहेर ओढून काढले. तो हरला, आणि जिवंत राहिला तो दुसऱ्याच्या हातामुळे.

हे सहाय्यक कोण होते? पोस्टरवर त्यांची नावे नसत. जिम कॉलिन्स हा त्यांतला प्रमुख. सुतारकाम आणि यंत्रकाम दोन्हींत तरबेज. १९०८ साली हुडिनीने पाण्याने भरलेल्या दुधाच्या कॅनमधून सुटण्याचा खेळ काढला. त्या कॅनच्या गळ्याभोवतीचे रिव्हेट खोटे होते. गळा वर उचलला जाई. प्रेक्षक वरची कुलपे तपासत, रिव्हेट कोणी तपासत नसे. पुढे १९१२ साली बर्लिनच्या बुश सर्कशीत पाण्याची काचेची पेटी आली. पाय खोड्यात अडकवून, डोके खाली करून त्याला तीत सोडत. ती पेटी घडवण्यात आणि राखण्यात कॉलिन्सचा मोठा हात होता. खेळ चालू असताना एक सहाय्यक कुऱ्हाड घेऊन शेजारी उभा राही. वेळ पडली तर काच फोडायला. सहाय्यकांकडून हुडिनी गुप्ततेची लेखी शपथ घेई. जगाला हुडिनी ठाऊक झाला, कॉलिन्स ठाऊक झाला नाही. मोठ्या इमारतीवर गवंड्याचे नाव नसते, त्यातलाच हा प्रकार.

मालकांबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. अमेरिकेतली करमणुकीची नाट्यगृहे, ज्यांना व्हॉडव्हिल म्हणत, ती हळूहळू थोड्या मालकांच्या हाती गेली. कीथ आणि आल्बी हे त्यांत मोठे. १९०६ पासून त्यांच्या बुकिंग ऑफिसमधून गेल्याखेरीज चांगल्या थिएटरात काम मिळेना, आणि काम मिळाले की पगारातून दलाली कापली जाई. कलावंतांनी १९०० सालीच 'व्हाइट रॅट्स' नावाची संघटना काढली होती. इंग्रजीत 'स्टार' उलटा वाचला की 'रॅट्स' होतो, म्हणून हे नाव. १९०१ साली त्यांनी संप केला. पुढे १९१६ साली मालकांनी आपलीच एक कलावंत संघटना उभी केली आणि 'मी व्हाइट रॅट्सचा सभासद नाही' अशी अट करारात घातली. १९१७ साली संप मोडला आणि संघटनाही संपल्यासारखी झाली. गिरणगावात ज्यांनी दिवस काढले, त्यांना मालकधार्जिणी युनियन म्हणजे काय, हे मी समजावून सांगायला नको. हुडिनीसारख्या माणसाला मालकाशी एकट्याने बोलता येत होते, कारण त्याच्या नावावर गर्दी जमत होती. दिवसाला वीस खेळ करणाऱ्याला ते जमत नाही. तो वीस खेळांचा काळ हुडिनी विसरला नव्हता, असे दिसते. १९१७ पासून मरेपर्यंत तो अमेरिकन जादूगारांच्या सोसायटीचा अध्यक्ष होता. गावोगावचे जादूगार त्याने एका संस्थेत आणले आणि जुन्या विस्मृत जादूगारांच्या थडग्यांची स्वतः डागडुजी केली.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. १९१३ च्या जुलैमध्ये हुडिनीची आई वारली. तो तेव्हा डेन्मार्कमध्ये खेळ करीत होता. आईवर त्याची विलक्षण माया होती आणि हे दुःख त्याच्या मनातून कधी गेले नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेत घरोघर मुले गेलेली. मृतात्म्यांशी बोलून देणाऱ्यांचा धंदा फार तेजीत आला. आपल्याकडे प्लँचेट म्हणतात, त्याच जातीचा प्रकार. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांचा त्यावर गाढ विश्वास होता आणि हुडिनीशी त्यांची मैत्री होती. जून १९२२ मध्ये अटलांटिक सिटी येथे डॉइल यांच्या पत्नीने हुडिनीच्या आईचा संदेश म्हणून कागदामागून कागद लिहून दिले. संदेश इंग्रजीत होता आणि वर क्रूस काढला होता. हुडिनीची आई ज्यू धर्मगुरूची बायको, आणि तिला इंग्रजी धड येत नव्हते. डॉइल दांपत्य प्रामाणिक होते, याविषयी मला शंका नाही. पण मुलाला आपल्या आईची भाषा कळते. पुढे ती मैत्री तुटली.

तेव्हापासून हुडिनीने या धंद्याविरुद्ध मोहीमच उघडली. १९२४ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाने नेमलेल्या समितीत तो होता. बोस्टनच्या 'मार्जरी' नावाने प्रसिद्ध असलेल्या बाईंच्या बैठका त्याने तपासल्या आणि बक्षीस मिळू दिले नाही. समितीत विद्वान मंडळी होती. पण अंधारात टेबलाखालून पाय कसा सरकतो, हे ओळखायला ज्याने स्वतः तो पाय सरकवला आहे, असा माणूस लागतो. कारखान्यातली खोट जशी खात्यातल्या कामगाराला आधी दिसते, तसेच हे. गावोगाव तो आधी आपली माणसे पाठवी. रोझ मॅकेनबर्ग नावाची बाई वेष बदलून, कधी विधवा तर कधी आई होऊन, या मंडळींकडे जाई. मग हुडिनी भर सभेत त्यांची लबाडी करून दाखवी. १९२६ साली वॉशिंग्टनमध्ये पैसे घेऊन भविष्य सांगण्यावर बंदी घालणारे विधेयक आले. त्याच्या बाजूने त्याने काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. विधेयक मंजूर झाले नाही.

आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हीच रीत वापरतात. बुवा जो चमत्कार करतो, तोच लोकांसमोर करायचा आणि मग कसा केला ते सांगायचे. त्या कामासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे आणि लोकांना फसवणे वा दहशत बसवणे, हा त्यात गुन्हा आहे. हुडिनीला वॉशिंग्टनमध्ये जे मिळाले नाही, ते आपल्याला मिळाले. किंमत मात्र फार मोठी पडली.

म्हणजे फरक कुठे आहे? जादूगार दारावरच सांगतो की, मी तुम्हाला भुलवणार आहे. तिकिटाचा दर अमुक. खेळ संपला की आपण घरी जाऊ. गिऱ्हाईकाला काय विकत घेतो ते ठाऊक असते. भोंदू ते सांगत नाही. त्याचे गिऱ्हाईक दुःखात किंवा भीतीत असते, आणि ते दुःख सरले तर त्याचा धंदा बुडेल, म्हणून तो ते सरू देत नाही. पहिला आपली मेहनत विकतो. दुसरा तुमचे दुःख तुम्हालाच पुन्हापुन्हा विकतो.

मेहनतीला मात्र अंत असतो. १९११ साली हुडिनीच्या मूत्रपिंडातली रक्तवाहिनी फुटली. डॉक्टरांनी दीर्घ विश्रांती सांगितली. तो काही आठवड्यांत पुन्हा रंगमंचावर आला. ११ ऑक्टोबर १९२६ रोजी ऑल्बनी येथे पाण्याच्या पेटीच्या खेळात त्याच्या घोट्याचे हाड मोडले, तरी दौरा चालू राहिला. २२ तारखेला मॉन्ट्रियलमध्ये तो कोचावर पडलेला असताना एका विद्यार्थ्याने, पोटावरचे ठोसे सहन होतात का हे पाहण्यासाठी, त्याच्या पोटात ठोसे मारले. पोट दुखत राहिले. २४ तारखेला डेट्रॉइटमध्ये अंगात १०४ अंश ताप असताना त्याने खेळ केला. अपेंडिक्स फुटले होते. दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि ३१ ऑक्टोबरला, वयाच्या ५२ व्या वर्षी, तो वारला. ठोशांमुळेच अपेंडिक्स फुटले की दुखणे आधीचेच होते आणि ठोशांमुळे लक्षात आले नाही, याबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत. विमा कंपनीने मात्र तो अपघात मानून बेसला दुप्पट रक्कम दिली. आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीच झाला होता. पण कामावरचा अपघात शाबीत करताना विधवेला किती उंबरे झिजवावे लागतात, हे मी पाहत आलो आहे. 'खेळ थांबता कामा नये' हे वाक्य टाळ्या घेते. तापात पाळी करणाऱ्या माणसाला घरी पाठवणारा कोणी शेजारी असावा, यासाठी संघटना असते. हुडिनीजवळ काच फोडायला कुऱ्हाडवाला होता. 'आज खेळ बंद' म्हणणारा नव्हता.

मरताना त्याने दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक म्हणजे आपला ग्रंथसंग्रह. शाळा न शिकलेल्या या माणसाची सुमारे चार हजार पुस्तके वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात गेली. दुसरी म्हणजे बायकोशी ठरवलेली एक सांकेतिक खूण. मेल्यावर बोलणे शक्य असेल तर मी ही खूण देईन. ती नसेल तर कोणाचेही ऐकू नकोस. बेस वर्षानुवर्षे वाट पाहत राहिली. १९३६ साली हॅलोवीनच्या रात्री, त्याच्या मृत्यूला दहा वर्षे झाली तेव्हा, हॉलिवूडमध्ये शेवटची बैठक झाली. काही आले नाही. हुडिनीच्या तसबिरीपुढे दहा वर्षे जळत ठेवलेला दिवा तिने त्या रात्री विझवला. आयुष्यभर लोकांना भुलवणाऱ्याने मरणानंतर आपल्या बायकोला मात्र कोणी भुलवू नये, एवढी तजवीज करून ठेवली होती.